कटाचा डाग

तो घरात शिरताच वहिनीनं लिंबूपाणी पुढं केलं. "आज किती पळालात भाऊजी?"

"चार किलोमीटर," तो धापा टाकत म्हणाला.

दादाचं लिव्हर निकामी झालं होतं, त्याला याच्या लिव्हरचा तुकडा बसवता येणार होता. पण डॉक्टर या धाकट्याला म्हणाले, तुमच्या लिव्हरवर चरबी फार आहे, आधी ती उतरवा. जिना चढतानाही त्याला दम लागायचा. तरी चाळिशी उलटल्यावर त्यानं मॅरेथॉनच्या सरावाला नाव नोंदवलं. पहिल्या दिवशी रंकाळा तलावाची अर्धी फेरी मारून तो ओकला. तेव्हापासून वहिनी त्याचे घामट कपडे मशीनमध्ये टाकत नसे, स्वतःच्या हातानं धुवायची. वजन मात्र हलत नव्हतं.

आतल्या कॉटवर दादा पडून होता, डोळे हळदीसारखे पिवळे. त्यानं खुणेनं जवळ बोलावलं. तो वाकला, तसा त्याच्या गळ्यातला टॉवेल सरकला आणि दादानं त्याच्या पांढऱ्या टी-शर्टवर बोट ठेवलं. छातीवर मिसळीच्या कटाचा लाल डाग होता.

"रोज खातोस?"

त्यानं मान खाली घातली.

"पोट फाडून घ्यायची भीती वाटते, म्हणून?"

त्याचा हात पोटावर गेला.

वहिनीची पावलं वाजली, तशी दादानं अंगावरची शाल ओढून काढली आणि त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली. "घामानं भिजलाय, गारठेल," तो बायकोला म्हणाला.

"मग ओल्या कपड्यात कशाला थांबलात?" वहिनीनं हात पुढं केला. "तो टी-शर्ट काढून द्या भाऊजी. लगेच धुवून टाकते."