परवा

बड्या देशांनी व्यापारबंदी घातल्यापासून परदेशी इन्सुलिन बाजारातून गायबच झालं होतं आणि मंत्र्यांच्या स्वयंपाकीणबाईची मधुमेही लेक अंथरुणाला खिळली होती.

"उद्या पोरीला घेऊन ये," मंत्री स्वतःहून म्हणाले. "तिकडचे पत्रकार येताहेत. त्यांची बंदी आपल्या लेकरांचे काय हाल करते, ते कळू दे जगाला."

बाईचे डोळे भरून आले. तिनं धीर केला. "साहेब, आईसाहेबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे. शेजारच्या देशाच्या नावावर मागवलेलं खोकं कालच आलंय. त्यातलं थोडं द्याल?"

"देईन की," मंत्री मायेनं म्हणाले, "पण परवा. आज टोचलंस आणि उद्या पोर हसत आली, तर कॅमेऱ्याला दाखवायचं काय?"

बाईनं हातातलं उलथनं खाली आपटलं आणि त्यांच्यादेखत फ्रिज उघडला.