योगिनीचे टाके

नाशिकच्या बॅले क्लासातल्या मॅडमची जीभ अशी धारदार, की तिच्यावर पोतंभर कांदे चिरावेत. नियम एकच: बुटांच्या रिबिनी जिच्या तिने शिवायच्या. मुंबईच्या अकादमीच्या निवडीला दहा मिनिटं असताना मॅडमनी योगिनीचे बूट उचलले. “एवढे बारीक टाके तुझ्या येवल्याच्या विणकर बापाने घातले ना?” “नाही मॅडम, मीच.” “खोटारडी!” त्यांनी कचाकच चारही रिबिनी कापल्या. “जा, घरी माग चालव!” पोरी फिदीफिदी हसल्या. योगिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण तिने पडू दिलं नाही. पिशवीतली सुई काढून अशी चालवली की बाई, सुईतून धूर निघाला! सातव्या मिनिटाला बूट घालून तिने पाय पुढे केला. “ओढा.” मॅडमनी दातओठ खाऊन रिबीन ओढली. टाका हलला नाही. मॅडमच घसरत तिच्या पायाशी आल्या. “सोडा आता, माझा नंबर आलाय.”