चमचाभर दगड

"कापा आता," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या.

चावीवाल्याने बारीक करवत बोटाजवळ नेली आणि तो तिथेच थबकला. बोट त्याच्या बायकोचं होतं. अकरा वर्षांपूर्वी अंगठी त्यानेच त्या बोटात घातली होती. साबण लावून झाला, तेल लावून झालं, दोरा गुंडाळून झाला. पेर जाड झालेलं, अंगठी काही केल्या निघेना. शेवटी त्याला फोन गेला आणि तो दुकान तसंच उघडं टाकून प्रयोगशाळेत आला.

प्रकरण असं होतं. दगड दळून भुकटी करायची, त्यातली चमचाभर तोलायची आणि तिच्यात प्लॅटिनम किती आहे ते यंत्राने मोजायचं, हे इथलं काम. तोलण्याचं काम अठरा वर्षं त्याच्या बायकोकडे. तिचा हात इतका नेमका की सगळे तिला काटाताईच म्हणत. आणि परवा एकाच दगडाच्या पाच चमच्यांपैकी चारांत आकडा आला एवढासा, पाचव्यात आला त्याच्या तीसपट! त्याच दिवशी तिचा हातमोजा अंगठीपाशी फाटलेला सापडला. मग काय, सगळ्यांचं बोट त्या एका बोटाकडे: अंगठीचाच कण भुकटीत पडला असणार, आधी ती उतरवा!

"दगड आतून सारखा नसतो, मॅडम," काटाताई म्हणाली. सकाळपासून दहाव्यांदा तरी म्हणत असावी. "प्लॅटिनम काही मिठासारखं सगळीकडे विरघळलेलं नसतं. एखादाच कण कुठेतरी दडून बसतो. चार चमच्यांत तो आला नाही, पाचव्यात आला. वाटीभर भुकटी घेऊन बघा ना."

"अहो, पण बोटात प्लॅटिनम घालून प्लॅटिनम तोलणाऱ्याचं कोण ऐकून घेणार?" मॅडम वाईट नव्हत्या. केबिनमधल्या टेबलावर एक कागद होता. पाचवा आकडा रद्द आणि काटाताईंची तोलण्याच्या खोलीतून कायमची उचलबांगडी, गोदामात पिशव्या लावायला. सही तेवढी बाकी होती. "लग्नानंतर पहिल्याच दिवशी तुम्ही सगळ्यांना दाखवली होती अंगठी. प्लॅटिनमचीच आहे ना?"

काटाताईने मान खाली घातली. हो नाही की नाही नाही.

चावीवाल्याला लग्नाचे दिवस आठवले. तेव्हा दुकान नवं होतं आणि खिसा रिकामा. त्याने एक स्टीलचा नट घेतला, चार संध्याकाळी बसून त्याचे सहा कोपरे घासले, आरशासारखा चमकवला आणि खुशाल सांगून टाकलं, प्लॅटिनम! पुढच्या वर्षी खरं सांगू, मुलगी झाल्यावर सांगू, असं करता करता अकरा वर्षं निघून गेली. आताही अंगठी कापून गुपचूप खिशात टाकली असती तर थाप झाकलेलीच राहिली असती. बायको मात्र गोदामात गेली असती.

त्याने करवत खाली ठेवली.

"मॅडम, ही प्लॅटिनमची नाही. हा नट आहे."

"काय आहे?"

"नट. बोल्टला लावतात तो. स्टीलचा. मीच घासून गोल केलाय." बायकोकडे बघायची त्याची छाती होईना.

मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला. चावीवाल्याने अंगठीवरून कानस फिरवली. दोनदा फिरवल्यावर कागदावर चिमूटभर भुगा पडला. तो आणखी घासायला लागला, तशी काटाताई म्हणाली, "पुरे. याला वाटीभर नको. हा सगळीकडे सारखाच."

मॅडम भुगा घेऊन शेजारच्या खोलीत गेल्या. पाच मिनिटांत परत आल्या त्या हसतच. लोखंड, क्रोमियम, निकेल. प्लॅटिनम शून्य! टेबलावरच्या कागदाचे त्यांनी टराटरा दोन तुकडे केले.

"म्हणजे तो कण दगडातलाच. काटाताई, मला माफ करा. उद्यापासून वाटीभर भुकटी घेऊ." मग त्या चावीवाल्याकडे वळल्या. "तुमचे फार उपकार झाले. खरा आकडा आम्ही आमच्याच हाताने पुसणार होतो."

उपकार! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बायकोची खुर्ची वाचली होती आणि त्याबद्दल कुणाकुणाचे आभार मानावेत असं त्याला झालं होतं. फाटकाबाहेर पडेपर्यंत तो तिच्या दोन पावलं मागेच चालला.

"अगं, चार शिव्या तरी दे."

"कशाबद्दल? वाचवलंत की मला."

"अकरा वर्षं फसवलं त्याबद्दल."

तिने अंगठी बोटावर जेवढी फिरली तेवढी फिरवली. "आतून दोन आटे घासायचे राहिलेत तुमचे. प्लॅटिनमला आटे असतात होय?"

तो जागच्या जागी उभा राहिला. "म्हणजे तुला..."

"लग्नानंतर नवव्या दिवशी यंत्राखाली धरली होती. तेव्हा निघायची ना बोटातून."

अकरा वर्षं. एकदाही टोमणा नाही, भांडणातसुद्धा नाही. अशी बायको आपल्या वाट्याला कशी आली, हे त्याला कळेना.

"मग आज का गप्प बसलीस? सगळं जात होतं तुझं! एक शब्द बोलली असतीस तरी सुटली असतीस."

ती हसली. डोळे मात्र भरले होते.

"अहो, अंगठी माझी होती, पण थाप तुमची होती. ती मी कशी मोडू?"