सहावा फटका

मेगनचं लग्न झालं ते १९४६ साल. वेल्समधल्या त्या दरीत कोळशाच्या धुळीने ज्याची छाती गेली, त्याच्या कागदावर डॉक्टर लिहायचा, 'न्यूमोकोनिओसिस'. कागद हातात पडला की खाणीतलं काम सुटलं. म्हणून माणसं डॉक्टरकडे जातच नसत. पबमध्ये एकमेकांची परीक्षा घेत. ते लांबलचक नाव एका दमात म्हणायचं. जो मध्येच श्वास घ्यायला थांबला, त्याचं काही खरं नाही.

मेगनचा बाप एमलिन ही परीक्षा वर्षभर टाळत होता. शेवटी एका शनिवारी त्याचा मेव्हणा इड्रिस भर पबमध्ये म्हणाला, "दाजी, आज म्हणाच. का लेकीच्या लग्नात सगळा दम खर्च झाला?" माणसं हसली. लाजेपोटी तरी दाजी डॉक्टरकडे जातील, एवढंच इड्रिसच्या मनात होतं.

एमलिन उठला. "म्हणतो की. तुझ्या थोबाडावर म्हणतो."

"न्यू." इड्रिसचं नाक फुटलं. "मो." ओठ फाटला. "को." दात पडला. "नि." तो खाली कोसळला. "ओ." बरगडीत लाथ बसली. इड्रिसने हात उचलला नाही. डोळे घट्ट मिटून तो शेवटच्या फटक्याची वाट बघत पडून राहिला.



तो फटका आलाच नाही. एमलिन त्याच शनिवारी, मेगनच्या लग्नाला एकवीस दिवस झाले असताना, 'सिस' म्हणायच्या आधी मेला.