कोरी डिस्क

“फॉरमॅट म्हंजे काय गं?” शालनने विचारलं.

“डिस्क कोरी करायची, मावशी. आधीचं काही असेल तर पुसलं जातं. ही नवीनच आहे, झटपटवालं पुरे.” रुपालीने बटण दाबलं.

कुसगावातल्या तिच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप होता, नवी हार्ड डिस्क होती आणि बशीत पिळलेलं लिंबू. डिस्क शालनने सकाळीच लोणावळ्याच्या बाजारातून आणली होती. कुठली घ्यायची ते रुपालीनेच सांगितलं होतं. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्यापासून आसपासच्यांचे अडलेले फोन आणि प्रिंटर तिच्याकडेच येत.

शालनचा मुलगा प्रज्ञेश पोलिसांच्या ताब्यात होता. कुरवंड्याच्या कड्यावरून पर्यटकांना दोराने उतरवणाऱ्या एका कॅम्पवर तो आणि रुपाली काम करत. तो दोर आणि हुक बघायचा, ती नावं नोंदवायची. रविवारी हुक सुटून एक पर्यटक पडला. तो अजून शुद्धीवर नव्हता. हुक लावणं प्रज्ञेशचं काम, म्हणून आज पहाटे त्यालाच नेलं. उद्या कोर्टात उभं करणार होते.

मात्र प्रज्ञेशने स्वतःचा कॅमेरा कड्यावर स्टँडवर चालू ठेवला होता. त्यातला व्हिडिओ त्याने आईच्या मोबाईलवरही टाकला होता.

“ह्यो बग.” शालनने मोबाईल पुढे केला. “माजा पोरगा पाठमोरा पायवाटेनं खाली निघालाय. मागनं कुनाचा तरी हात येतो आन् हुक अडकवतो. कोन त्ये कळंना.”

“एवढ्याशा पडद्यावर नाही कळणार. लॅपटॉपवर उजेड वाढवून, हळू करून बघू. त्यासाठीच तर डिस्क घ्यायला लावली. व्हिडिओ कापायचा, मोठा करायचा तर जागा लागते.”

“तू तरी वर असतीस तर बगितलं असतंस.”

“मी खाली टेबलावर होते ना. तसा जबाबही दिलाय.” रुपालीने शालनने आणलेल्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लॅपटॉपमध्ये सरकवलं. “आणखी कुणाला पाठवलाय हा?”

“न्हाई बाई. वकील म्हनले, कुनाला धाडू नगा, उद्या माज्या हातात द्या.”

“बरोबर आहे त्यांचं.”

आधी कार्डावरचा व्हिडिओ डिस्कवर गेला, मग मोबाईलमधला. मग तिने दोन्हीकडचे काढून टाकले.

“पुसलास व्हय?” शालन दचकली.

“चार ठिकाणी राहिलं की फुटतं, मावशी. एका जागी असलं की सुरक्षित.”

शालनने मान हलवली. मग तिचं लक्ष रुपालीच्या तळहातांकडे गेलं. “अगं, हात किती सोललेत!”

“भांड्यांची पावडर बदललीय.”

“मग लिंबू कशाला लावतीस? आग हुईल. तुज्या दादाच्या लग्नात लय राबलीस, ध्यान दे जरा सोताकडं.” शालन डब्याची पिशवी घेऊन उठली. “पोराला भाकरी दिऊन येते. डिस्क ऱ्हाऊ दे हितंच.”

“त्याला सांगा, काळजी करू नको.”

“रुपाली हाय म्हनल्यावर त्यो कशाला काळजी करतोय!” शालन हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

रिक्षाचा आवाज लांब गेल्यावर रुपालीने कडी लावली. व्हिडिओ सुरू केला, उजेड वाढवला, वेग कमी केला. प्रज्ञेश वळून पायवाटेला लागला. उजवीकडून हात आला. हुक अडकवला, पण तो उघडू नये म्हणून फिरवायची कळ फिरवलीच नाही. तिने चित्र तिथेच थांबवलं आणि मोठं केलं.

बराच वेळ ती बघत राहिली.

मग तिने व्हिडिओ बंद केला, मघाचीच फॉरमॅटची खिडकी उघडली आणि ‘झटपट’वरची खूण काढून टाकली. सगळं कायमचं पुसलं जाईल, पुढे जायचं का, असं लॅपटॉपने विचारलं.

हुक अडकवणाऱ्या हातावर मनगटापर्यंत लग्नाची गडद मेंदी होती.

रुपालीने ‘हो’ दाबलं आणि बशीतलं लिंबू उचलून पुन्हा तळहातावर घासायला घेतलं.