बिनआचेची बासुंदी

"ताई, माझी आटत आली!" नववीतली गार्गी पातेलं ढवळत ओरडली.

"हात थांबवू नकोस, खाली लागेल," मैथिली म्हणाली.

सोसायटीच्या हॉलमध्ये चार रविवार ती सहा मुलांना बासुंदी शिकवत होती, आणि या चार रविवारांत तिने एकदाही गॅस पेटवू दिला नव्हता. घरात दोन वर्षांचं धावतं पोर असलं, की कुठे काय भाजेल याची यादी पाठच होते. आधी हात बसू दे, मग आच, असं ती म्हणायची. मुलंही गुणाची. कपाळावरचा घाम पुसत, उतू जातंय म्हणून फुंकरी घालत, गार दूध मनापासून आटवायची.

आज मात्र सेक्रेटरी आपटेकाका चव घ्यायला आले होते. पदार्थ जमला नाही, तर पुढच्या रविवारपासून हॉल झुंबावाल्यांना मिळणार होता.

गार्गीने वाटी फडक्यात धरून आणली. "काका, जपून हं."

काकांनी घोट घेतला आणि किंचाळले, "आई गं! जीभ पोळली की!"

काका जिभेला वारा घालत म्हणाले, "पण झकास झालीय. वर्ग चालू दे."

मैथिलीने धावत जाऊन बर्फ आणला, काकांच्या हातात दिला आणि मुलांकडे वळली. "बघितलंत? न पेटवता ही गत!"

सहाही जण शेगडीपासून दोन पावलं मागे सरकले.