पाचशे पॉइंट

ओट्यावर दोन यंत्रं ठेवली होती आणि रसिकाला त्यातलं एक निवडायचं होतं. सोमवारी ती मालवणहून कन्याकुमारीला सायकलने निघणार होती, एकटी. एक जीपीएस मैत्रिणीकडून मागून आणलेला, रंगीत नकाशाचा, बोटाने चालणारा. दुसरा तिच्या बाबांचा, सत्यवानचा, होडीवरचा, जाडजूड आणि बटणांचा. होडी विकताना सत्यवानने इंजिन दिलं, जाळी दिली. एवढा मात्र ठेवून घेतला होता.

सत्यवानने बादलीत हात बुचकळला आणि ओलं बोट रंगीत नकाशावर टेकवलं. नकाशा भलतीकडेच पळाला.

"घामान, पावसान हो असोच करतलो," तो म्हणाला. मग जुना उचलून त्याने बटण दाबलं. "ह्याका साधे सेल चलतत. खंयच्याय दुकानात गावतत."

रसिकाला पटलं. ती लगेच त्यात आपल्या रस्त्याची वळणं भरायला बसली, पण एकही भरेना. त्यात जागांचे पाचशेच पॉइंट मावत आणि ते सगळे आधीच भरलेले होते; जुने पुसल्याशिवाय जागा नव्हती.

तिने नकाशा लहान करून पाहिला. जमीन कोरी, आणि समुद्रभर माशांची बारीक चित्रं. मध्येच कुठेतरी कवट्या.

"कवटी कसली ओ?"

"थंय जाळा फाटता."

"आणि मासे?"

मासळी लागते त्या जागा कोणी कोणाला सांगत नाही. सत्यवानने सख्ख्या भावालाही ताकास तूर लागू दिली नव्हती. जागा मुलाला द्यायच्या. मुलीला दिल्या तर लग्नानंतर त्या दुसऱ्या गावच्या होडीवर जातात. सत्यवानला मुलगा नव्हता. तीस वर्षांत एकेक करून गोळा केलेलं हे सगळं पुसायचं म्हणताच त्याने यंत्र तिच्या हातातून काढून घेतलं.

"ऱ्हवांदे बाबा," रसिका म्हणाली. "मी दुसरो नेतंय."

"आणि वाटेर हात भिजले मगे?"

त्याने बटण दाबत एकेक मासा पुढे सरकवला.

"वही हाड," शेवटी तो म्हणाला. "आकडे लिवन घे, मगे पूस."

दगडी गडग्यापलीकडे शेजारचा बाबली मघापासून कान टवकारून उभा होता. त्याची होडी अजून समुद्रात जात होती. सत्यवान जागांचे आकडे वाचायला लागला तसा तो घरात गेला आणि त्याने दार ओढून घेतलं.

पहिला आकडा सत्यवानने दोनदा सांगितला. रसिकाने लिहिला आणि पेन थांबवलं.

"बाबा, माजा लगीन दुसऱ्या गावात झाला तर?"

"मगे त्या गावाक मासळी गावतली," सत्यवान म्हणाला. "लिव."